मावशीचा हिस्सा वगळून

मुरुम, ता. २ मार्च १९४८

रेवणप्पा पाहुण्यांस हणमंतप्पाचा शरणार्थ.

जगदेवीला सांगा, तिचं माहेर अजून जागेवर आहे, उडून गेलेलं नाही. टपालाचा भरवसा राहिला नाही म्हणून हे पत्र बंडप्पाच्या हाती पाठवतो. बंडप्पा म्हणजे आमच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा, तुमच्या लग्नात पंगतीला दोनदा बसला होता तो. अक्कलकोटच्या बाजूनं सोलापूर गाठील. त्याला चहा पाजा, पण फार बोलू देऊ नका.

काम असं आहे. आमच्या शेठनं कापसातली सरकी काढायचे रेचे थांबवले. नाकेबंदीमुळं तुमच्या हद्दीतून तेल येईना, कोळसा येईना आणि सरकीला गिऱ्हाईक नाही. शेठ आता मुंबईला चालला. जाताना त्यानं कामगार संघाच्या पंचांना, म्हणजे मला आणि बंडप्पाला बोलावलं आणि कामगारांच्या फंडाचं गाठोडं आमच्यापुढं टाकलं. म्हणाला, घ्या तुमचं म्हातारपण. दहा वर्षं प्रत्येकाच्या पगारातून कापलेला पैसा आणि तितकीच शेठची भर, असा तो फंड. शेठनं त्याचे हैदराबाद सरकारचे रोखे घेऊन ठेवले होते. सरकारनं आपल्याकडून कर्ज घेतलं, दरसाल व्याज देणार, मुदत भरली की मुद्दल देणार, असं त्यावर लिहिलंय. शंभराचा एक, असे साठ रोखे आता माझ्या घरी ज्वारीच्या कणगीत आहेत. मला झोप नाही.

कारण इथल्या बाजारात उठवलंय की सरकारचंच दिवाळं वाजणार. उद्या राज्य कुणाचं असेल कुणी सांगावं? जो तो कानात बोलतो. तुम्ही दलालाच्या पेढीवर बसता, असल्या कागदांचा भाव तुमच्या तोंडावर असतो, म्हणून विचारतो. हे कागद ठेवावेत की विकावेत?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विकायचे तर सगळ्यांचे, ठेवायचे तर सगळ्यांचे. पंचेचाळीस सालच्या संपात शेठनं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सहा जणांना एकेकटं बोलावून त्यांच्या फंडाचा पैसा हातावर ठेवला, ते कामावर गेले आणि संप मोडला. त्यानंतर आम्ही सगळे अणदूरला गेलो आणि खंडोबापुढं भंडारा उचलला, की फंडातला एकट्याचा पैसा हलणार नाही. अहो, देवाला अणदूरहून नळदुर्गला न्यायचं तरी दोन्ही गावचे मानकरी आधी करार करतात आणि मगच पालखी उचलतात. देव एकट्यानं हलत नाही, तर आमचा पैसा कसा हलेल?

तुमच्या नागम्मा मावशींनी सगळ्यांत आधी भंडारा उचलला होता. चोवीस वर्षं रेच्याला कापूस चारून त्यांच्या छातीत आता कापूसच भरलाय, बोलता बोलता खोकतात. त्यांच्या वाटणीला दोन रोखे आहेत. त्यांचं ठरलंय, पाडव्यानंतर एक दुभती म्हैस घ्यायची आणि मरेपर्यंत रेच्याचं तोंड बघायचं नाही. म्हशीचं नावसुद्धा ठरवून बसल्यात. तेव्हा नीट विचार करून लिहा.

हणमंतप्पा


सोलापूर, ता. १४ मार्च १९४८

हणमंतअण्णा,

बंडप्पाला चहा पाजला. तुम्ही नको म्हणालात तरी तो बोललाच, त्यामुळं मुरुमची सगळी हकिकत कळली. जगदेवी दोन दिवस रडते आहे. तिला वाटतं तुम्ही सगळं सोडून इकडं यावं. मी म्हटलं, तुझा भाऊ संघ सोडून स्वर्गातही जायचा नाही.

आता रोख्यांचं. अण्णा, बाजाराला ना झेंडा कळतो ना जयजयकार. त्याला एकच गोष्ट कळते, की पैसे परत कोण देणार. आज त्याचं उत्तर कुणाकडं नाही. हैदराबादचं आणि दिल्लीचं बोलणं चालू आहे, रोज नवी अफवा उठते. त्यामुळं हैदराबादचा कागद इथं कुणी हातात घेत नाही. घेतला तर शंभराला साठ-बासष्ट देतात, तेही तोंड वाकडं करून. गेल्या दिवाळीला हाच कागद नव्व्याण्णवला होता.

माझं मत विचाराल तर आज विका. चाळीस रुपये गेले म्हणून रडण्यापेक्षा साठ आले म्हणून पाणी प्या. मी पेढीवर रोज बघतो, घाबरलेला बाजार आधी पायरी पायरीनं उतरतो आणि मग एकदम गडगडतो. आमच्या पेढीचे शेठजीही हेच म्हणतात.

आणि मावशीला सांगा की कापसात जाऊ नको. मी लहान असताना तिच्या लुगड्याला रुईचा वास यायचा, आई गेल्यावर त्याच वासात मला झोप लागायची. आता तो वास आठवला की तिच्या खोकल्याची काळजी लागते. तिचं म्हातारपण नीट जावं एवढं मला मनापासून वाटतं.

रेवणप्पा


मुरुम, ता. १८ एप्रिल १९४८

रेवणप्पा पाहुणे,

पाडवा झाला. कडुलिंब खाल्ला, गूळ कुणाच्या घरी नव्हता.

तुमचं पत्र मी बैठकीत वाचलं. रुईच्या रिकाम्या कोठारात सगळे जमले होते. अर्धे म्हणाले विका, अर्धे म्हणाले ठेवा, आणि सगळे मिळून माझ्यावर ओरडले. पंच असण्याचं हेच सुख. हरणाबाईनं, म्हणजे मावशींच्या शेजारच्या रेच्यावर असते ती, तिनं पदर पसरून विकायला सांगितलं. तिच्या घरात दोन नातवंडं आहेत आणि बाप पोरांना टाकून गेलाय. मावशी मात्र हटून बसल्या. म्हणाल्या, "शंभराचं साठ मंजी अर्धी म्हैस. अर्धी म्हैस दूध देती व्हय? म्या थांबते." हसले सगळे.

शेवटी ठरलं ते असं, की एकमत होईपर्यंत गाठोडं सोडायचं नाही. तुम्हाला हे खुळेपणाचं वाटेल. पेढीवर प्रत्येकजण आपापलं बघतो. आमच्याकडं आपापलं बघितलं की काय होतं ते आम्ही पंचेचाळीस साली बघितलंय.

भाव कळवत राहा. आमच्या काही जणांचं आता फक्त ज्वारीच्या कण्यांवर चाललंय. मी माझी सायकल विकली. पायी चालल्यानं प्रकृती सुधारते असं जगदेवीला सांगा.

हणमंतप्पा


सोलापूर, ता. २० जून १९४८

हणमंतअण्णा,

मध्ये दोन पत्रं पाठवली, ती तुम्हाला पोचली नसावीत. हे अणदूरच्या एका बांगडीवाल्याबरोबर देतो आहे.

दिल्लीचं बोलणं फिसकटलं ते तुम्हाला कळलंच असेल. इथं सरहद्दीवरून माणसं येतायत, धर्मशाळा भरल्या, शाळा भरल्या. एकेकाची हकिकत ऐकवत नाही. अशात कागदाचा भाव काय राहणार? आज पंचेचाळीस आहे. पुढच्या महिन्यात चाळीस असेल की तीस, मी सांगू शकत नाही. एक गिऱ्हाईक मी धरून ठेवलंय, मुंबईचं आहे, साठही रोखे एकदम घ्यायला तयार आहे. पण ते फार दिवस थांबणार नाही. पंचांनी मागं सह्या करून रोखे बंडप्पाबरोबर पाठवावेत. सोबत सगळ्या कामगारांचा संमतीचा कागद हवा.

फक्त मावशीचा हिस्सा वगळून पाठवा. तिचे दोन रोखे तुमच्या कणगीतून काढून तिच्याच ट्रंकेत ठेवायला द्या. तिला या बाजारभावात ओढू नका. तिनं मला वाढवलंय, तिचं काय ते मी बघून घेईन. एवढं माझं ऐका.

जगदेवी बरी आहे. तिची आठवण म्हणून पेढ्यांचा पुडा पाठवतो आहे. वाटेत बांगडीवाल्यानं खाल्ला नाही तर पोचेल.

रेवणप्पा


मुरुम, ता. ६ जुलै १९४८

रेवणप्पा पाहुणे,

पुडा पोचला. पेढे मी हरणाबाईच्या नातवंडांना दिले. त्यांनी पेढे याआधी कधी खाल्ले नव्हते, ते आधी चाटत बसले.

गावात परवा हत्यारबंद जत्था येऊन घरोघर झडती घेऊन गेला. जास्त लिहीत नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. कणगीत हात घालून एकानं ज्वारी उपसली, रोखे त्याच्या बोटांखाली होते. त्या दिवशी संध्याकाळी कुणालाच समजवावं लागलं नाही. सगळे विका म्हणाले.

मावशी एकट्या राहिल्या. सगळे त्यांच्याकडं बघत बसले. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "भंडारा म्याच पयला उचललाय. आण कागद." आणि अंगठा उठवला. सगळ्यांत शेवटी.

आता तुमच्या त्या ओळीबद्दल. मावशीचा हिस्सा वगळून. पाहुणे, तुम्ही घरचे, तुम्ही बहिणीचे यजमान, तुम्हाला तोडून बोलणं मला शोभत नाही. पण वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमचं माणूस तेवढं बाजूला काढायचं आणि बाकीच्यांनी पंचेचाळीसच्या भावात जायचं, हेच संपात शेठनं केलं होतं. तेच तुम्ही मायेपोटी सांगता म्हणून ते निराळं होत नाही. ती ओळ मी बैठकीत वाचली नाही. वाचली असती तर लोक म्हणाले असते, पंचाचा पाहुणा आपल्या मावशीची सोय लावतोय. मावशींनाही सांगितली नाही. त्यांना उगाच आशा लागली असती.

साठच्या साठ रोखे बंडप्पाबरोबर पाठवतो आहे, संमतीच्या कागदासकट. त्यानं ते पोटाला बांधलेत आणि वरून उपरणं गुंडाळलंय, आता तो खराच शेठ दिसतो. आम्ही बुडलो असू, पण एकही जण एकटा पोहत काठाला गेला नाही. तुमच्या पेढीवर हे कुणाला सांगून बघा.

हणमंतप्पा


सोलापूर, ता. १९ जुलै १९४८

हणमंतअण्णा,

रोखे मिळाले. पंचेचाळीसच्या भावानं झालेली सगळी रक्कम बंडप्पाजवळ दिली आहे, पेढीची दलाली मी सोडायला लावली. वाटून घ्यावी.

संमतीच्या कागदावरचा मावशीचा अंगठा बघितला. लहानपणी ती याच अंगठ्यानं माझ्या कपाळाला विभूती लावायची. तुम्ही माझं ऐकायला हवं होतं.

रेवणप्पा


मुरुम, ता. ३० जानेवारी १९४९

रेवणप्पा,

शरणार्थ लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिला नाही.

सप्टेंबरात सगळं बदललं ते तुला सांगायला नको. फौज आली, चार दिवसांत राज्य गेलं, आमच्या कचेरीवर तिरंगा चढला. मीही त्या दिवशी नाचलो. नंतर काय काय झालं आणि कुणाकुणाच्या घरावर झालं ते बघून नाचायचं थांबलो. पण ते आज लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी कारखाना पुन्हा चालू करण्याच्या अर्जासाठी धाराशिवला गेलो होतो. खजिन्याच्या कचेरीत उभा होतो. तिथल्या कारकुनाला सहज विचारलं, जुन्या सरकारच्या रोख्यांचं काय झालं हो? तो म्हणाला, काय व्हायचंय, राज्य बदललं तरी कर्ज तसंच आहे, व्याज चालू आहे, मुदतीला मुद्दल पुरं मिळेल. मी बाकावर बसलो. त्याला वाटलं मला आनंद झाला. म्हणाला, तुम्ही मुरुमचे ना? तुमच्याकडचेच साठ रोखे गेल्या पंधरवड्यात आले होते की व्याजाला. सोलापूरच्या पेढीवरचे कुणी रेवणप्पा म्हणून होते, फार सज्जन माणूस, सगळ्यांना पान खाऊ घातलं त्यांनी.

तू धाराशिवपर्यंत आलास आणि मुरुमला आला नाहीस. आधी मला एवढंच टोचलं. मग मोटारीची वाट बघत उभा होतो तेव्हा बाकीचं डोक्यात शिरलं. मुंबईचं गिऱ्हाईक कुठलं आणि काय. ते गिऱ्हाईक तू होतास.

तुला अहो-जाहो करायचं मी सोडलंय हे तुझ्या लक्षात आलं असेल. बहिणीच्या नवऱ्याला तू म्हणायची वेळ आमच्या घराण्यात माझ्यावर पहिल्यांदा आली.

तुझ्या मावशींचं सांगतो. त्यांना नव्वद रुपये आले. नाकेबंदीत ज्वारीचा भाव काय झाला होता तुला पेढीवर बसून ठाऊकच असेल. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडं नव्वदातले नऊ राहिले. म्हैस गेली. त्या आता अडत्याच्या वखारीत सरकी झाडतात. धूळ रेच्यापेक्षा जास्त. परवा खोकला आला तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला आणि पदर मला दाखवला नाही.

मला एकच उत्तर दे. वीस जूनला, मावशीचा हिस्सा वगळून म्हणून लिहिलंस, तेव्हा तुला माहीत होतं का?

हणमंतप्पा


सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९४९

हणमंतअण्णा,

तू म्हणा, काहीही म्हणा. मी तुम्हाला अण्णाच म्हणणार.

होय. माहीत होतं.

मार्चमध्ये माहीत नव्हतं. तेव्हा मी तुम्हाला खरंच विका म्हणून सांगितलं आणि तुम्ही विकलं असतंत तर साठ तरी मिळाले असते, आणि आज तुम्ही मला शिव्या द्यायला मोकळे नसता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या बड्या पेढ्या हैदराबादचा कागद गुपचूप उचलू लागल्या. शेठजींनी मला जवळ बसवून सांगितलं, तिथं उद्या कुणीही राज्य करो, त्याला आधीच्याचं कर्ज फेडावं लागणार, नाही फेडलं तर त्याला स्वतःला उद्या कोण उधार देईल? मग म्हणाले, तुझ्या सासुरवाडीला साठ रोखे आहेत ना, निम्मे पैसे मी घालतो, निम्मे तू घाल. अण्णा, मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या नफ्याच्या वह्या लिहिल्या. माझ्याकडं निम्मे कुठून येणार? जगदेवीच्या पाटल्या आणि गोठ गहाण टाकले. तुम्हीच लग्नात घातलेले. तिला मी खोटं सांगितलं नाही. तिनं विचारलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, चोर. बाजारात याला चोरी म्हणत नाहीत. मी भाव खोटा सांगितला नाही, त्या दिवशी उघड्या बाजारात पंचेचाळीसच होता. मी घेतले नसते तर दुसऱ्या कुणी घेतले असते, चाळीसनं घेतले असते. तुमचे कामगार विकणार होतेच, त्यांची चूल थंड होती, ती मी थंड केली नव्हती.

आणि मावशीला मी बुडवलं नाही. मी तुम्हाला पांढऱ्यावर काळं लिहून दिलं होतं, तिचे वगळा. याहून उघड मी काय लिहिणार होतो? तिचे दोन रोखे तिच्या ट्रंकेत राहिले असते तर आज तिच्या दारात म्हैस असती. ते तुमच्या भंडाऱ्यानं विकले, माझ्या पेढीनं नाही. तुम्हाला सगळे मिळून बुडण्याचा अभिमान होता. तो मला पत्रात लिहूनही कळवलात.

बंडप्पाबरोबर इकडचे दोनशे कलदार रुपये मावशीसाठी पाठवतो आहे. तुमच्या हैदराबादी हाली रुपयांत अंमळ जास्तच भरतील. तिला म्हैस घेऊन द्या. तिनं कापसात जाऊ नये. बाकीच्यांना देण्याइतका मी मोठा नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पेढीत मला आता चार आणे भागी मिळाली आहे. कधी सोलापूरला आलात तर जगदेवीला भेटा, तिचा काही दोष नाही.

रेवणप्पा


मुरुम, ता. ६ मार्च १९४९

रेवणू,

म्या नागम्मा. हणमंतू लिवतोय. त्याला म्या बजावलंय, म्या बोलते तसंच लिव, तुज्या पदरचं काय घालू नको.

म्हशीचं पैसं आलं. बंडप्पानं माज्या म्होरं ठेवलं. म्या हात लावला न्हाय, त्याच्याच हाती माघारी धाडते. मोजून घे.

तू फसीवलंस म्हनून रागावले असं समजू नको. बाजारात फसवतेतच. आधीच्या शेठनं बी फसीवलं, वखारीचा अडत्या रोज फसीवतो. मला राग आलाय तो दुसऱ्याचा. तू मला वाचवाया निघालतास त्याचा.

हरणाबाई तुला आठवती का? तू लहान व्हतास, म्या रेच्यावर असायची, तवा तुजं रडं थांबाना की ती तुला खांद्यावर घेऊन फिरायची. तिचं रोखं तू घेतलंस अन् माजं ठेवा म्हनलास. ठेवलं असतं अन् म्हैस आली असती, तर तिच्या दारावरनं म्या दुधाचा तांब्या घेऊन कशी गेले असते रं? तिच्या नातवंडांना काय सांगितलं असतं? मला एकलीला ती म्हैस पचली असती व्हय? तू माज्या पदराखाली वाढलास, अन् तुला एवढं ठावं न्हाय. मला वाटलं व्हतं ठावं आसंल.

आता ह्यो लिवतोय त्याचं. काल ह्यानं तुजं जुनं पत्र मला वाचून दावलं. मावशीचा हिस्सा वगळून. ही वळ तवा बैठकीत ह्यानं वाचली न्हाय. मला बी सांगितली न्हाय. का, तर लोक ह्याला नावं ठेवतील. रोख्याबिख्यातलं मला काय कळत न्हाय. पर माजं पोरगं मला बुडू द्यायचं न्हाय, हे कळतंय. ती वळ कानावर आली असती तर म्या तितंच उठून इचारलं असतं, समदं बुडाया लागलंय तर माजंच तेवढं का ठेव म्हनतोय ह्यो? अन् मंग कुणीबी अंगठा उठवला नसता.

हे लिव म्हनते तर हणमंतू थांबलाय. लिव रं. रडायचं ते मागनं रड.

भंडारा आमी मोडला न्हाय. हरणाबाईनं मोडला न्हाय, बंडप्पानं मोडला न्हाय. तुमी दोघं शानं. त्यानं वळ झाकली, तू म्होरला भाव झाकलास. आमी तेवढं बोलल्यापरमानं वागलो.

उद्यापास्नं रेचे चालू व्हणार हायती. नवा शेठ आलाय, बार्शीकडचा. म्या बी जाणार. खोकल्याचं बघता येईल मागनं. काल त्यानं समद्यांना उभं केलं अन् इचारलं, पैल्यासारका म्हातारपणाचा फंड चालू करू का? पगारातनं कापायचं, तेवढंच म्या घालतो. बाया माज्याकडं बघाय लागल्या. हणमंतू खाली बघत व्हता. म्या म्हनलं, फंड नगं. रोज सांच्याला ज्याचं त्याच्या हातावर ठेवा. समद्यांनी व्हय म्हनलं. एका दमात. संपाच्या टायमाला बी एवढं एकमत झालं नव्हतं.

जगदेवीला माजा आशीर्वाद सांग. तिच्या पाटल्या सोडव.

माजं काय आता मागणं न्हाय. तू मुरुमला येऊ नको. खाली अंगठा उठवते. तुला वळखू येईल, मागल्या बारीला तू बघितलास त्योच हाय.